फोन ऐकण्याची परवानगी कोण देते?

"फोनवर नको, भेटल्यावर बोलू," हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. ते सरकारी नोकरीत होते आणि कुणाच्या बदलीचा विषय निघाला तरी एवढेच बोलून रिसीव्हर खाली ठेवत. तेव्हा मला तो भित्रेपणा वाटे, न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा नागरिकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणावरचा 2018 चा अहवाल वाचल्यापासून तसे वाटत नाही.

फोन टॅपिंगला माझा सरसकट विरोध नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात दहशतवादी आणि त्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार यांचे बोलणे आपल्या यंत्रणांनी ऐकले, आणि ते ऐकायलाच हवे होते. माझा प्रश्न परवानगीचा आहे. ती आपल्याकडे न्यायाधीश नव्हे, तर गृहसचिव देतात, आणि ती योग्य होती का हे तपासणारी समितीही सचिवांचीच असते. ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि श्रीकृष्ण अहवालानुसार प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे 15,000 ते 18,000 आदेश असतात. सहज हिशेब करून पाहिला: चहासाठीही न उठता सलग दहा तास बसले, तरी एका आदेशाच्या वाट्याला अडीच सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात फायलीची नाडीदेखील सुटत नाही!

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये टॅपिंगवर बंधने घातली, पण न्यायालयाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्याचाच आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये लाचेच्या एका प्रकरणातील टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण 1885 च्या तार कायद्याला अपेक्षित असलेली सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. ते आदेश 2009-10 मधले होते, म्हणजे दाद मिळायला दहाएक वर्षे गेली. आणि तीही प्रकरण खटल्यापर्यंत गेले म्हणून. ज्याच्यावर खटलाच भरला जात नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे कळवण्याची तरतूद कायद्यात नाही.

2023 च्या दूरसंचार कायद्याने आणि 2024 च्या नियमांनी इंग्रजांच्या काळातला कायदा बाजूला सारला, पण परवानगी आणि तपासणी सचिवांकडेच ठेवली. शिवाय गरज नसलेल्या आदेशांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करण्याची जुनी पद्धतही कायम आहे. त्यामुळे गेल्या वर्षी माझे बोलणे कुणी ऐकले असेल, तर त्याचा कागदही आज उरलेला नसेल.