डाळ उत्तम होती

सर्वप्रथम अभिनंदन. कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर, म्हणजे तुरुंगाची पाहणी करणाऱ्या समितीवर, अशासकीय सदस्य म्हणून तुमची वर्णी लागली, म्हणजे वॉर्डात तुमचं वजन बरंच वाढलेलं दिसतंय. आधी गणपतीचं मंडळ, मग शांतता समिती, मग रुग्णालयाची समिती आणि आता थेट तुरुंग! लेटरहेड नवं छापायला टाकलंत का? नसेल तर ते आधी उरका. तुरुंग कुठे पळून जात नाही.

मीही एके काळी या खुर्चीवर बसलोय. कोणत्या तुरुंगात ते विचारू नका, तिथलं मीठ खाल्लंय. पण नव्या माणसाची फजिती होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

अचानक जाऊ नका. अचानक जाण्यातच खरी पाहणी असते, असं सांगणारे लोक भेटतील. त्यांना लोकांच्या घरी न कळवता जेवायला जायची सवय असते. तुम्ही दोन दिवस आधी फोन करा. फोन केला की काय होतं बघा: भिंतीला चुना लागतो, संडासात फिनेल पडतं, बंद पंखा फिरू लागतो आणि दवाखान्यातल्या खाटेवर धुतलेली चादर येते. तुमचं पाऊल आत पडण्याआधीच एवढी सुधारणा! वर्षाला सहा फोन केलेत तर प्रत्यक्ष जायचीही गरज नाही.

तरीही जायचंच असेल तर मोठ्या फाटकातल्या छोट्या दारातून वाकून आत जा. मोबाइल जमा करा, टोकन घ्या, वहीत सही करा. पुढे अधीक्षकांच्या केबिनमध्ये चहा असतो. तिथेच भिंतीवर एक फळा असतो आणि खरा धोका त्या फळ्यावर आहे. वरच्या ओळीत ‘मंजूर क्षमता’, खाली ‘आजची बंदीसंख्या’, मग न्यायबंदी, सिद्धदोष, परदेशी असे रकाने. पहिल्या दोन ओळी लागोपाठ वाचू नका. मध्ये चहाचा घोट घ्या, खारी तोंडात टाका, हवापाण्याचं विचारा, आणि मगच दुसरी ओळ वाचा.

मुंबईच्या आर्थर रोडचंच घ्या. १९२६ पासूनचा तुरुंग. कागदावरची क्षमता वर्षानुवर्षं ८०४ होती आणि आतली माणसं कित्येकदा तीन हजारांच्या वर. बाहेरगावच्या पाहुण्याला हे ऐकून घेरी येईल, मुंबईकराला येता कामा नये. आपण लोकलच्या चौथ्या सीटवर वाढलेली माणसं. तिघांच्या बाकड्यावर चौथा अर्ध्या ढुंगणाने टेकतोच, फक्त ‘जरा सरकून घ्या’ म्हणायचं असतं. फरक एवढाच की आपल्याला तासाभरात विरार येतं. देशभरच्या तुरुंगांत चारातले तिघे न्यायबंदी आहेत, म्हणजे गुन्हा शाबित न झालेले. त्यांना कोणतं स्टेशन कधी येणार, ते इंडिकेटरवर लागत नाही.

आता स्टाफ. हा विषय तुम्ही काढू नका, कारण तो काढलात तर अधीक्षकच बोलायला लागतील आणि मग उठता येणार नाही. आदर्श नियमपुस्तिकेनुसार सहा कैद्यांमागे एक पहारेकरी हवा. हिशेब सोपा आहे. ८०४ भागिले सहा म्हणजे १३४. तीन हजार भागिले सहा म्हणजे ५००. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, कोणता आकडा भागायचा एवढाच प्रश्न. पदं मंजूर होतात ती भिंतींच्या मापाने, आणि माणसं येतात ती कोर्टाच्या वॉरंटने. शिवाय मंजूर म्हणजे भरलेली नव्हे, आणि भरलेली म्हणजे आज हजर असलेली नव्हे. कोणी रजेवर, कोणी बंदोबस्तात, कोणी साहेबांच्या टपालात. डबल ड्युटी करून गेटवर उभ्या उभ्या पेंगणाऱ्या शिपायाला चुकूनही ‘काय रे, बरा आहेस ना?’ विचारू नका. त्याची तक्रार कैद्याच्या तक्रारीपेक्षा लांब निघते, आणि क्वार्टरच्या गळक्या छतापर्यंत जाऊन थांबते.

पहारेकरी कमी पडले म्हणून काही अडतं असं समजू नका. बॅरेकमध्ये कैद्यांतलाच वॉर्डर शिस्त बघतो. किती काटकसर! ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यालाच लक्ष ठेवायला बसवलं. दवाखान्यात न्यायचं तर सोबत माणूस नसतो, मग पोटदुखी सोमवारपर्यंत थांबते. कोर्टात न्यायचं तर पोलीस पार्टी मिळत नाही, मग तारीख पुढे जाते. तारीख पुढे गेली की माणूस आतच राहतो, आत राहिला की फळ्यावरची दुसरी ओळ वाढते. हे चक्र गिरणीच्या पट्ट्यासारखं आपलं आपण फिरतं, तुम्ही त्यात हात घालू नका.

यानंतर स्वयंपाकघर. हा तुमच्या भेटीचा मुख्य सोहळा. तीन माणसं आत उतरून बसू शकतील अशा पातेल्यात डाळ उकळत असते आणि फावड्याएवढ्या पळीने ती ढवळली जाते. पण तुमच्यासाठी कोपऱ्यातल्या टेबलावर एक स्टीलचं ताट पांढऱ्या फडक्याने झाकलेलं असतं. त्यातल्या वाटीत डाळ. तिच्यावर जिरं तरंगतं आणि कडेला कोथिंबिरीची दोन पानं. पातेल्यातल्या डाळीत आणि वाटीतल्या डाळीत चुलतभावाचं नातं असतं, आडनाव एक, चेहरे वेगळे. एक चमचा घ्या, डोळे किंचित मिटा आणि ‘घरच्यासारखी’ म्हणा. सोबतचा फोटोवाला याच क्षणाची वाट बघत असतो.

मोजामोज मात्र करू नका. विशेषतः अंडी आणि पाव. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात दोन अंडी आणि पाच पाव हिशेबात कमी भरले, आणि त्यावरून झालेल्या मारहाणीत एक कैदी बाई मेली, अशी फिर्याद आहे. तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली, खटला उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आतल्या बाया गच्चीवर चढल्या आणि ओरडून ओरडून सगळ्या भायखळ्याला सांगू लागल्या. ना सही, ना शिक्का, ना जावक क्रमांक. पण माझ्या मते त्या वर्षातला तुरुंगाचा सगळ्यात नीट पाहणी अहवाल तोच. पोलिसांनी त्याची तातडीने दखलही घेतली. दोनशेहून जास्त बायांवर दंगलीचा गुन्हा नोंदवला.

हा आवाज गच्चीवरून यायची वेळ का यावी, असं तुमच्या मनात येईल. १९७९ मध्येच सुनील बत्रा या कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात तक्रारपेट्या लावायला सांगितल्या होत्या, वकिलांना कैद्यांशी एकांतात बोलू द्यायला सांगितलं होतं. पेटी असतेच. अगदी समोर, हपिसाच्या दाराशी, जिथे येणारा जाणारा प्रत्येक जण दिसतो. मी एकदा तिच्या कुलपाला सहज बोट लावलं, तर गंजाचा लाल पोपडा नखावर आला. तुम्ही लावू नका, शर्टाला पुसलं की डाग जात नाही.

बॅरेकपाशी पोचलात की अधीक्षक, तुरुंगाधिकारी, सुभेदार आणि वॉर्डर यांच्या घोळक्यात मधोमध उभं राहा आणि खणखणीत आवाजात विचारा: ‘कोणाची काही तक्रार?’ दीडशे माणसं उकिडवी बसलेली असतात. कोणी बोलत नाही. पुन्हा विचारा. मागून कोणी खोकला तर तो खोकलाच समजा. याला म्हणतात कैद्यांशी मनमोकळा संवाद.

लंडनमध्ये हे काम भलतंच वेगळं चालतं. वँड्सवर्थ नावाचा जुना तुरुंग आहे, आपले नीरव मोदी तिथे राहिलेत. तिथे शेजारपाजारचीच साधी माणसं, पगार न घेता, स्वतःच्या कमरेला किल्ल्या लावून हव्या त्या वेळी हव्या त्या कोठडीत शिरतात आणि कर्मचाऱ्यांना बाजूला सारून कैद्याशी बोलतात. वर्षाच्या शेवटी अहवाल छापून सगळ्यांना वाचायला ठेवतात. परिणाम काय? उंदीर, गर्दी, कामावर न आलेला स्टाफ, सगळं जगजाहीर. २०२३ मध्ये तिथला एक कैदी जेवणाच्या गाडीला खालून स्वतःला बांधून पळाला, तेव्हा कोणालाच फारसं आश्चर्य वाटलं नाही, कारण तुरुंगाची दुर्दशा आधीच छापून आलेली होती. किती नामुष्की! आपल्याकडे अशी वेळ येत नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावरसुद्धा आपण १९९७ मध्ये सही केली आणि पुढचं अनुमोदनाचं काम अजून हातात ठेवलंय. घाई कसली?

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्या तुरुंगाची स्वतंत्र पाहणी कधी होतच नाही का? होते हो. बँकांची नऊ हजार कोटींच्या आसपासची थकबाकी अंगावर असावी आणि मुक्काम विलायतेत असावा, एवढीच अट. २०१८ च्या जुलैमध्ये विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कोर्टाच्या न्यायाधीशांनी विचारलं, आर्थर रोडच्या बारा नंबर बॅरेकमध्ये नैसर्गिक उजेड येतो का? व्हिडिओ पाठवा. आणि सात रस्त्याच्या या तुरुंगाची सातासमुद्रापलीकडून चौकशी आल्यावर काय लगबग! व्हिडिओ गेला. खिडकीतून येणारं ऊन, टीव्ही, स्वतंत्र संडास, फिरायला अंगण. डिसेंबरमध्ये कोर्टाचं समाधान झालं.

तेव्हापासून बारा नंबर ही आपली शोरूम आहे. नीरव मोदींसाठी तीच दाखवली. २०२५ मध्ये मेहुल चोक्सींच्या प्रत्यार्पण प्रकरणात बेल्जियमला लेखी हमी दिली ती याच बॅरेकची: माणशी किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा, स्वच्छ गादी, उशी, तीन वेळा जेवण, चोवीस तास वैद्यकीय सोय. तीन चौरस मीटर म्हणजे बत्तीस चौरस फूट, एक खाट आणि तिच्याभोवती फिरायला जेमतेम वाट. फार नाही. पण हमी लेखी आहे, आणि परदेशी न्यायाधीशाने ती वाचली आहे.

एखाद्या भिंतीपलीकडे मोबाइलचोरीच्या आरोपाखाली आत आलेला कोणी पोरगा असेल. जामीन मिळालेला, पण जामीनदार मिळाला नाही म्हणून अजून आतच. त्याच्या वाट्याला किती चौरस मीटर आले हे मोजायला टेप घेऊन कोणी आलेलं नाही. त्याने आधी चोक्सींसारखं बेल्जियमच्या अँटवर्पला जायला हवं होतं. हा सल्ला मी त्याला देऊ शकलो नाही, कारण संवादाच्या वेळी तो दीडशे जणांत मागे कुठेतरी खोकत होता.

शेवटी शेरेबुक. जाड पुठ्ठ्याची वही, लाल कापडी कणा, आत आधीच्या सदस्यांचे शेरे. पान उलटून बघा, अक्षर बदलतं, मजकूर बदलत नाही. ‘स्वच्छता समाधानकारक. बंद्यांची तक्रार नाही. डाळ उत्तम होती.’ तुम्हाला वेगळं काही लिहायचा मोह झाला तर सांगून ठेवतो, तुमचा शेरा वर जाताना अधीक्षकांच्या खुलाशासह जातो. तुम्ही लिहाल ‘पंखे बंद’, खुलासा येईल ‘पंखे दुरुस्तीसाठी प्रस्तावित’. मी एकदा ‘कर्मचारी अपुरे’ असं दोन शब्दांत लिहिलं होतं. वर्षाने त्यावर उत्तर आलं, ‘नोंद घेतली’. ते पत्र पोचवायला जो शिपाई आला तो त्या दिवशीची गेटड्युटी सोडून आला होता.

बाहेर पडताना टोकन देऊन मोबाइल परत घ्यायला विसरू नका. गेटसमोर मुलाकातीची रांग असेल. फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून बसलेली एखादी म्हातारी, मांडीवर बिगबाजारच्या जुन्या पिशवीत दोन शर्ट आणि एक टॉवेल. तुमची इस्त्रीची पँट बघून ती उठेल. ‘साहेब, आतून आलात ना? माझा पोरगा चार नंबरला आहे. तिथे हवा, उजेड येतो का हो जरा?’

गडबडून जाऊ नका. सांगा, आजी, चार नंबरचं काही कल्पना नाही. बारा नंबरला येतो. लंडनच्या कोर्टाने बघितलाय.