धातूची फ्लूट ‘वुडविंड’ कशी? एका फिरत्या दाव्याला उत्तर

बासरीबद्दलचा एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. फ्लूट (पाश्चात्त्य आडवी बासरी) धातूची असते, म्हणून तिला ‘वुडविंड’, म्हणजे लाकडी फुंकवाद्य, म्हणणं खोटं; सॅक्सोफोन तर सरळ पितळेचा. 1847 साली थेओबाल्ड बोम या जर्मन कारागिराने लाकडाच्या जागी धातू आणला आणि फ्लूटचा जीव गेला. लाकडाचा आवाज उबदार, चांदीचा थंड, सोन्याचा गोड. आणि जाता जाता: बासरी पाच हजार वर्षांपूर्वी भारतात जन्मली, बाकी जगाने ती इथून उचलली.

आधी नावाचं उरकून घेऊ, कारण त्यात फारसा दम नाही. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला. म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला कुणी भेसळ म्हणत नाही. युरोपात ‘वुडविंड’ हे नाव पडलं तेव्हा त्या गटातली बहुतेक वाद्यं लाकडाची होती. पुढे धातू आला, नाव राहिलं. गट मात्र ठरतो तो आवाज कसा सुरू होतो यावर. फ्लूटमध्ये फुंक एका कडेवर आपटते, क्लॅरिनेट-सनईत पत्ती थरथरते, ट्रम्पेटमध्ये वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. अडॉल्फ साक्सने 1846 मध्ये पेटंट घेतलेल्या सॅक्सोफोनचं अंग पितळेचं, पण तोंडाशी क्लॅरिनेटसारखी एकेरी पत्ती. म्हणून तो वुडविंड. उलट सोळाव्या-सतराव्या शतकातला कॉर्नेटो पाहा. लाकडाचा, वर चामडं गुंडाळलेलं, बोटांसाठी छिद्रंही आहेत. पण वाजतो ओठांनी, म्हणून तो ट्रम्पेटच्या भावकीत. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या वाद्य-अभ्यासकांनी 1914 मध्ये वाद्यांचं वर्गीकरण केलं, त्यातही हे तीन गट असेच वेगळे होतात. आपल्याकडे तर हा घोळ व्हायचं कारणच नव्हतं. नाट्यशास्त्राने तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार प्रकार सांगितले. सुषिर म्हणजे पोकळ. पोकळी कशाची, लाकडाची की शंखाची, हे विचारलेलंच नाही.

आता बोम. इथे मेसेजने साल बरोबर दिलंय आणि गोष्ट पुरती उलटी सांगितली आहे.

बोमच्या आधीची फ्लूट लाकडाची, आतून शंकूसारखी: डोक्याकडे रुंद, टोकाकडे निमुळती. छिद्रं बारीक, आणि बोटं पोहोचतील तिथे पाडलेली. ध्वनीच्या हिशोबाने छिद्र जिथे हवं तिथे बोट पोहोचत नाही, ही सगळी अडचण. मग काही स्वर खुले, ठणठणीत. काही वाकडी बोटं लावून कसेबसे काढलेले, दबलेले. 1831 मध्ये लंडनला बोमने चार्ल्स निकल्सन या इंग्लिश फ्लूटवादकाला ऐकलं. निकल्सनच्या फ्लूटला मोठाली छिद्रं होती आणि आवाज दणदणीत. बोम स्वतः नावाजलेला वादक, त्यामुळे हे त्याच्या मनाला लागलं असणार. परतल्यावर 1832 मध्ये त्याने नवी फ्लूट काढली. छिद्रं मोठी, आणि ध्वनीला हवीत त्या जागी. बोटं पुरत नाहीत म्हणून कळा आणि कड्यांची यंत्रणा बसवली, म्हणजे एक बोट दाबलं की लांबचं छिद्रही मिटतं. लक्षात घ्या, ही फ्लूट लाकडाचीच होती. जिला लोक ‘यांत्रिक, निर्जीव’ म्हणतात ती यंत्रणा धातूची नळी येण्याच्या पंधरा वर्षं आधी लाकडावर बसली होती.

1847 मध्ये त्याने पोकळीच बदलली. शंकू काढून सरळ नळी केली, आतून सुमारे 19 मिलिमीटर व्यासाची. फक्त डोक्याचा भाग बंद टोकाच्या बुचाकडे जाताना 17 मिलिमीटरपर्यंत निमुळता होतो. आजची फ्लूट जवळपास तीच आहे. नळी धातूची केली हे खरं. बोम मुळात सोनारकाम शिकलेला, धातू त्याच्या हातातला. पण त्याच्या कारखान्यातून लाकडी फ्लूटही जात राहिल्या, आणि इंग्लंडमधले बरेच वादक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाचीच बोम-फ्लूट वाजवत होते. आवाज बदलला हे नाकारायचं कारण नाही. बदलला तो पोकळीमुळे आणि छिद्रांमुळे. आपल्याकडे बासरीवादक पन्नालाल घोषांनी बासरी लांब आणि रुंद केली. बांबू तोच, पोकळी मोठी, आणि आवाज खर्जात उतरला. तिथे कुणी म्हटलं नाही की बांबूचा जीव गेला.

तिसरा मुद्दा, लाकूड उबदार आणि चांदी थंड हा, सगळ्यात चिवट, कारण कित्येक वादकही तो मानतात. खुद्द बोमलाही वाटायचं की चांदी आणि लाकूड यांचा आवाज वेगळा असतो. पण फ्लूटमध्ये वाजते ती आतली हवा, भिंत नव्हे. हे घरात करून बघता येतं. एकाच मापाच्या दोन बाटल्या घ्या, एक काचेची, एक जाड प्लॅस्टिकची. सारखं पाणी भरा आणि तोंडावरून आडवी फुंक मारा. सूर एकच. आता एकीत दोन बोटं पाणी वाढवा. सूर लगेच चढतो.

एवढ्यावर न थांबता जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1971 मध्ये नीट चाचणी प्रसिद्ध केली. आतून एकाच मापाच्या तीन साध्या फ्लूट: चांदी, तांबं, लाकूड. वाजवणाऱ्याला वजनावरून सुगावा लागू नये अशी सोय केलेली. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही, आणि ज्यांच्या ओठांशी वाद्य होतं त्या वादकांनाही नाही. 2001 मध्ये व्हिएन्नाच्या अभ्यासकांनी चांदीपासून सोनं-प्लॅटिनमपर्यंतच्या सात फ्लूट व्यावसायिक वादकांकडून वाजवून घेतल्या. वादक बदलला की आवाज बदलायचा. धातूवरून काही ओळखता येईना.

मग सोन्याची फ्लूट अनेकदा खरंच सरस का वाजते? माझं मत असं की सोन्याला हात लावणारा कारागीर फुंकेच्या छिद्राची कड घडवताना दुप्पट वेळ देतो. त्या कडेत केसाएवढा फरक पडला तरी आवाज बदलतो. शिवाय हातात सोनं आहे म्हटल्यावर माणूस वाजवतोही निराळ्या तोऱ्यात! लाकूड हवामानाने तडकतं, धातू जड पडतो, हे फरक खरे आहेत. पण ते सांभाळणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे नव्हेत.

राहिला पाच हजार वर्षांचा दावा. 2008 मध्ये जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या पंखातल्या हाडाची फ्लूट सापडली. पाच छिद्रं, जेमतेम 22 सेंटिमीटर, वय 35 हजार वर्षांहून जास्त. जवळच्याच गाइसेनक्लोस्टर्ले गुहेत मॅमथच्या सुळ्याची मिळाली. सुळा उभा चिरून, दोन्ही भाग कोरून, पुन्हा हवाबंद चिकटवलेला. म्हणून फ्लूट जर्मनांची, असंही कुणी म्हणू नये. हाड टिकतं, बांबू कुजतो; बांबूची बासरी त्याहून जुनी असली तरी ती आपल्या हाती लागायची नाही. पण ज्या सर्वांत जुन्या फ्लूट हाती आहेत त्यांत लाकूड औषधालाही नाही.

चीनमधल्या जियाहूला क्रौंचाच्या हाडांच्या बासऱ्या सापडल्या, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातल्या एकीवर सात छिद्रं आहेत, आणि सातव्याच्या अगदी शेजारी आणखी एक बारीकसं भोक. सूर किंचित चुकला, तो जुळवायला ते पाडलं असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे म्युनिकच्या बोमला छळणारा प्रश्न, छिद्र नेमकं कुठे पाडायचं, तिथेही कुणालातरी छळत होता.