क्लब उघडला, आता बंद काळाची वर्गणी भरूया

कर्नाटकात ३१ जानेवारी २०२२ च्या सोमवारपासून क्लबांवरची कोरोनाकाळातली पन्नास टक्क्यांची मर्यादा उठली, रात्रीची संचारबंदीही गेली. ५ फेब्रुवारीपासून जिम आणि पोहण्याचे तलावसुद्धा पूर्ण क्षमतेने सुरू झाले. आमच्या कमिटीने लगेच ग्रुपवर निरोप टाकला, "सर्व सभासदांचं सहकुटुंब स्वागत." गेटला झेंडूची माळ लागली. कार्ड रूमच्या खिडक्या उघडल्या, बिलियर्ड्सच्या टेबलावरचं ताडपत्रीचं आवरण निघालं. मला मनापासून आनंद झाला. इतके महिने आतला अंधार बघून परत फिरलेल्या माणसांना तिथे दिवे दिसले की काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

पण त्या निरोपाखाली जी चर्चा सुरू झाली, तिच्यामुळे हे लिहायला बसलोय. बऱ्याच जणांचं म्हणणं असं, की क्लब बंद होता तेवढ्या महिन्यांची वर्गणी माफ व्हावी. ज्यांनी आधीच भरली, त्यांची पुढच्या वर्षात वळती करून घ्यावी. "वापरलंच नाही तर पैसे कशाचे?" हा प्रश्न तऱ्हेतऱ्हेने विचारला गेला, आणि त्याला अंगठे पण भरपूर मिळाले.

माझं मत सरळ उलटं आहे. ज्यांना शक्य आहे, त्या प्रत्येकाने बंद काळाची पूर्ण वर्गणी भरली पाहिजे, आणि तिचा पहिला रुपया कामगारांच्या थकलेल्या पगाराला गेला पाहिजे. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण हे एका क्लबापुरतं नाही. बेळगावात, निपाणीत, खानापुरात, जिथे जिथे सभासदांच्या पैशावर चालणारी संस्था आहे, तिथे सध्या हाच वाद चाललाय.

आधी गेल्या दोन वर्षांत काय काय झालं ते आठवूया, कारण "बंद होता" एवढं म्हणून भागत नाही. मार्च २०२० मध्ये सगळ्या देशाबरोबर कुलूप लागलं. १ सप्टेंबर २०२० पासून क्लबांना निम्म्या क्षमतेने बार चालवायची परवानगी मिळाली. गाडी जरा रुळावर येतेय तोवर २७ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून पुन्हा सगळं बंद. जूनच्या १४ तारखेला राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांना सवलत मिळाली, तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांत बंदी तशीच राहिली त्यात आपला बेळगाव जिल्हा होता. पुढच्या आठवड्यात आपल्यालाही सवलत आली, ती संध्याकाळी पाचपर्यंत. आता, ज्या जागेत बहुतेक माणसं साडेपाचनंतरच येतात, तिला पाचपर्यंतच्या परवानगीचा काय उपयोग? ५ जुलैनंतर थोडा श्वास घेता आला. मग जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला आणि शनिवार-रविवारची संचारबंदी लागली. क्लबाचे खरे दिवस तेच दोन.

शिवाय आपलं सीमेवरचं दुखणं वेगळंच. आमचे काही जुने सभासद चंदगड तालुक्यातले. कागदावर महाराष्ट्र, पण बाजार बेळगावचा, डॉक्टर बेळगावचा, पोरांचं कॉलेज बेळगावचं, आणि संध्याकाळसुद्धा बेळगावची. त्या काळात महाराष्ट्रातल्या शिनोळीहून सीमेपलीकडच्या बाचीत यायला बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवायचा. कागलकडून येणाऱ्यांना कोगनोळीच्या नाक्यावर तेच. पत्त्यांच्या चार डावांसाठी नाकात काडी घालून कोण येणार? त्यामुळे क्लब उघडा होता, तेव्हाही या माणसांना तो बंदच होता. माफीचा सगळ्यात मोठा हक्क खरं तर त्यांचा. पण त्यांच्यातल्या एकानेही माफी मागितलेली मी पाहिली नाही. एका काकांनी तर ग्रुपवर एवढंच लिहिलं, "माझी किती झालीय ते सांगा की ओ, येताना चेक आणतो."

आता मूळ मुद्दा. "वापरलं नाही तर पैसे नाहीत" हा नियम हॉटेलला लागू पडतो. तिथे मालक वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं. क्लबात मालक कोण? ३ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबाच्या खटल्यात निकाल दिला. क्लब नोंदणीकृत कंपनी असला तरी क्लब आणि त्याचे सभासद हे वेगवेगळे धरता येत नाहीत, म्हणून क्लबाने आपल्या सभासदाला जेवण किंवा पेय दिलं तर ती विक्री होत नाही, कारण माणूस स्वतःच स्वतःला विकू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. देशभरातल्या क्लबांनी हा निकाल आनंदाने वाचला. आमच्या कार्ड रूममध्येही त्या दिवशी पेढे वाटले होते. पुढे २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटीपुरतं हे चित्र पालटलं, सरकारने पूर्वलक्षी दुरुस्ती केली. ते असो. पण कराच्या नोटिशीला उत्तर देताना ज्या तत्त्वाचा आपण आधार घेतो, ते तत्त्व वर्गणीच्या वेळीही पाळायला नको का? आम्ही म्हणजेच क्लब असू, तर बंद दारामागचा खर्चही आमचाच.

आणि तो खर्च होतच होता. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल शून्य युनिटलाही येतं, मंजूर भाराचा स्थिर आकार चुकत नाही. क्लबाच्या दारू परवान्याचं, सीएल-४ चं, वर्ष १ जुलैला सुरू होतं, शहरात कर्फ्यू असो नाहीतर नसो. मातीचं टेनिस कोर्ट बेळगावच्या एका पावसाळ्यात सोडून द्या आणि दिवाळीला जाऊन बघा, गुडघाभर गवत असतं. माती परत चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, हे आठवड्याचं काम नाही. आमचं कोर्ट उघडण्याच्या दिवशी खेळण्याजोगं होतं. ते कसं राहिलं, हे किती जणांनी विचारलं?

आमच्या मार्करमामांमुळे. मार्कर म्हणजे कोर्ट आणि बिलियर्ड्सचं टेबल सांभाळणारा कामगार. बंदच्या काळात अर्ध्या पगारावर, आणि पुढे पुढे तोही न मिळता, हा माणूस कंग्राळीहून सायकलवर यायचा आणि कोर्टावरचं गवत उपटून जायचा. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एकदा मुळं धरली की मग कोर्ट नवीनच करायला लागतंय बघा." बिलियर्ड्सच्या टेबलावरच्या हिरव्या कापडालाही तेच ब्रश मारून ठेवायचे. आपल्या पावसाळी ओलीत त्याला बुरशी धरली असती, तर नवं कापड घालायला किती पैसे लागतात ते कमिटीला विचारा.

बाकीचे पांगले. एक वेटर आधी गोव्यात हॉटेलात होता, लग्नानंतर घराजवळ राहता यावं म्हणून इथे आलेला. तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागला, साचे उचलायच्या कामाला. एक जण चंदगडकडे काजू फोडायला गेला. किचनमधले दोघे डबे करून द्यायला लागले, त्यातला एक आता परत येणार नाही म्हणतो, आणि मला त्याचं पटतं. ज्यांच्या हातची आम्लेटं आपण वर्षानुवर्षं खाल्ली, त्यांच्या घरी चूल कशी पेटतेय याची चौकशी करायला आपल्यातले थोडेच गेले. जे गेले त्यांना मी मानतो.

केंद्र सरकारने २९ मार्च २०२० ला आदेश काढला होता की टाळेबंदीत कामगारांचा पगार कापू नये. तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. म्हणजे कायद्याचा दट्ट्या दोन महिनेसुद्धा नव्हता. आमच्या कमिटीने तेवढा काळ पूर्ण पगार दिला, मग निम्मा, मग "वर्गणी जमली की देऊ." वर्गणी जमली नाही. कमिटीवर मी राग धरत नाही, तिजोरीत नसेल तर सेक्रेटरी कुठून आणणार? पण म्हणूनच माफी मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ही माफी कमिटी देणार नाही. ती त्या वेटरच्या आणि मार्करमामांच्या खिशातून दिली जाणार आहे.

एक गोष्ट इथे लिहितो, कारण ती मला अजून टोचते. गेल्या पावसाळ्यात त्या वेटरचे वडील मुलाच्या थकलेल्या पगाराची चौकशी करायला क्लबात आले. धोतर, टोपी, पायात कोल्हापुरी पायताण. त्यांना मुख्य इमारतीत सोडलं नाही, पोशाखाच्या नियमावर बोट ठेवलं. म्हातारा माणूस पावसात गेटच्या पत्र्याखाली उभा राहिला. ज्या कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या मानांकनाच्या आठ जिल्ह्यांत आपला बेळगाव जिल्हा आहे. अथणी-निपाणीकडची कितीतरी घरं या पायताणावर जगतात. आपल्याच मातीतलं पायताण घालून आलेल्या माणसाला आपल्याच क्लबात उंबरा ओलांडता येऊ नये, हा नियम इंग्रजांनी मागे ठेवला आणि आपण तो जपला. कलकत्ता क्लब १९०७ मध्ये निघाला तो मुळी गोऱ्यांच्या क्लबात भारतीय माणसाला बसू देत नव्हते म्हणून. अपमानाची ही आठवण ज्या संस्थांच्या जन्मात आहे, त्यांनी तरी गेटवर कोणाला उभं करू नये.

आता दुसऱ्या हिशोबाकडे येतो, आणि हा मला वर्गणीपेक्षा जड वाटतो. दुसऱ्या लाटेत आमचे सभासद गेले. ऑक्सिजनच्या बेडसाठी एकमेकांना फोन करायचे ते दिवस आठवले तरी पोटात गोळा येतो. त्यांच्या बायका गेली वीस-वीस, तीस-तीस वर्षं क्लबात येत होत्या. हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ, मुलांच्या स्पर्धा, सगळं यांनीच उभं केलं. पण नियमाप्रमाणे सभासद नवरा, बायको त्याच्या नावावरची. तो गेला की तिचं कार्ड संपलं. परत यायचं तर नवा अर्ज, नवी प्रवेश फी, आणि कमिटीपुढे मुलाखत. "सहकुटुंब स्वागत" हा निरोप ज्या ग्रुपवर आला, त्या ग्रुपमधून या बायकांचे नंबर आधीच काढलेले होते.

एक वहिनी मला भाजी मार्केटात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तिथे मी यांच्याबरोबर यायचे खरी, पण माझं माझं पण काहीतरी होतं की तिथे. सकाळचं चालणं, ती चार माणसं." मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्यात. घर मोठं आणि सुनं. या माणसाला क्लबाची गरज आत्ता सगळ्यात जास्त आहे, आणि नेमकं आत्ताच आपण तिच्याकडून नवी प्रवेश फी मागतोय.

कलकत्ता क्लबाने बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं ते २००७ मध्ये, शंभर वर्षं लागली. आपल्याला तेवढा वेळ घ्यायचं कारण नाही. सभासदाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीचं किंवा पतीचं सभासदत्व फी न घेता, मुलाखत न घेता आपोआप चालू राहावं, एवढी एक ओळ नियमात घालायची आहे. आणि ती मार्च २०२० पासून लागू करायची.

काही मित्र म्हणतील, क्लब म्हणजे खाऊन-पिऊन सुखी लोकांचे चोचले, एवढं काय त्याचं. मान्य, आमच्यातल्या बहुतेकांची आबाळ झाली नाही. तालमीतल्या पैलवानाचं, रोजंदारीवरच्या माणसाचं नुकसान याच्या कितीतरी पट. पण सभासदांनी आपल्या पैशातून संस्था चालवायची ही बेळगावची जुनी रीत आहे. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं. वाचायला वेळ मिळाला नाही म्हणून कोणी तिथे वर्गणी परत मागितली नाही, म्हणून ते टिकलं.

शिवाय या शहरात अशा जागेचं एक काम आहे, ज्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शिवाजी महाराज आणि संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्यांच्या विटंबनेवरून गावात काय झालं, जमावबंदी कशी लागली, सगळ्यांना ठाऊक आहे. मी मराठी माणूस आहे आणि सीमाप्रश्नावर माझी भूमिका लपवलेली नाही. आमच्या ब्रिजच्या टेबलावर समोर बसणारा माझा पार्टनर कन्नड आहे, त्यानेही त्याची लपवलेली नाही. त्या आठवड्यातही आम्ही बसलो. आधी वाद घातला, आवाज चढले, मग पत्ते वाटले. दुसरीकडे कुठे हे जमलं असतं असं मला वाटत नाही. अशा जागा शहरात किती उरल्यात ते मोजून बघा, आणि मग वर्गणीचा आकडा मोठा की छोटा ते ठरवा.

ज्यांचा धंदा बसला, नोकरी गेली, घरात आजारपण झालं, त्यांच्याकडून एक रुपया मागू नये. त्यांनी सेक्रेटरींना खाजगीत सांगावं, ग्रुपवर चर्चा नको. हप्ते करून द्यावेत. बाकीच्यांनी पूर्ण भरावी.

मार्चअखेर वर्ष संपायच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, असं पत्र मी कमिटीला देतोय. त्यात ठराव तीन. बंद काळाची वर्गणी माफ होणार नाही, आणि जमा होईल त्यातून आधी कामगारांचा थकलेला पगार दिला जाईल. दिवंगत सभासदांच्या जोडीदारांचं सभासदत्व आपोआप चालू राहील. पोशाखाच्या नियमातून धोतर आणि चपलेवरची बंदी काढली जाईल. सूचक म्हणून माझं नाव आहे. सह्या अजून हव्यात, अनुमोदकही हवेत. जे आमच्या क्लबात आहेत त्यांनी मला फोन करा, मी कागद घेऊन घरी येतो. चंदगडकडच्या सभासदांनी येऊ नका, मीच तिकडे येतो. आणि जे दुसऱ्या क्लबात आहेत त्यांनी आपल्या नियमावलीत सभासदाच्या मृत्यूबद्दल काय लिहिलंय, ते आज रात्री काढून वाचा.