साइज विचारल्याने गिट सर्व्हर कोलमडत नाही

"सर्व्हरला ऑब्जेक्टबद्दल सारखे किरकोळ प्रश्न विचारू नका, लोड येतो. त्यापेक्षा एकदाच सगळं उतरवून घ्या." बिल्ड पाइपलाइन, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणारी यंत्रणा, सांभाळणाऱ्यांमध्ये गिटबद्दल हा सल्ला सतत फिरत असतो. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि त्यात साठवलेली प्रत्येक फाइल किंवा कमिट (बदलाची नोंद) म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यामागे तीन कारणं दिली जातात: साइज सांगायला सर्व्हरला अख्खं ऑब्जेक्ट उलगडावं लागतं, हजारो प्रश्न एकदम आले तर तो बसतो, आणि थेट डेटा आणणं शेवटी स्वस्त पडतं. या सल्ल्यावर विसंबून लोक सर्व्हरच्या सोयी बंद करतात आणि लोड उलट वाढवून घेतात, म्हणून हे लिहितो आहे.

पहिलं कारण सरळ चूक आहे. लूज ऑब्जेक्टच्या (स्वतंत्र फाइलमध्ये आकुंचित करून ठेवलेल्या ऑब्जेक्टच्या) सुरुवातीलाच त्याचा प्रकार आणि साइज लिहिलेली असते. पहिले काही बाइट उलगडले की उत्तर मिळतं, मग फाइल १० केबीची असो की १ जीबीची. पॅकफाइलमध्ये, म्हणजे अनेक ऑब्जेक्ट एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, जागा इंडेक्सवरून सापडते आणि साइज नोंदीच्या हेडरमध्येच असते. ऑब्जेक्ट डेल्टा म्हणून, म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टपासूनचा फक्त फरक म्हणून, साठवलेलं असेल तर त्याची खरी साइज डेल्टाच्या अगदी सुरुवातीला असते. प्रकार हवा असेल तर मात्र डेल्टांच्या साखळीतून मूळ ऑब्जेक्टपर्यंत जावं लागतं. ही साखळी गिटच्या डीफॉल्टनुसार ५० कड्यांपर्यंत असू शकते, पण तिथेही फक्त हेडर वाचायचे असतात. गिटच्या क्लायंट-सर्व्हर प्रोटोकॉलच्या आवृत्ती २ मध्ये २०२१ साली ऑब्जेक्ट-इन्फो ही कमांड आली, तेव्हा ती फक्त साइज सांगत होती.

आता ही कमांड नसेल किंवा क्लायंट ती वापरत नसेल तर काय होतं ते पाहा. ब्लॉब (फाइलचा मजकूर) वगळून केलेल्या पार्शल क्लोनमध्ये, म्हणजे रिपॉझिटरीच्या अपूर्ण प्रतीत, कॅट-फाइल या गिट कमांडने एखाद्या ब्लॉबची साइज विचारली आणि तो ब्लॉब जवळ नसला, तर गिट मुकाट्याने तो अख्खा ब्लॉब सर्व्हरकडून आणतं. पोत्याचं वजन कळावं म्हणून पोतंच घरी मागवण्यासारखं हे आहे. त्यासाठी सर्व्हरवर अपलोड-पॅक आणि पॅक-ऑब्जेक्ट्स हे डेटा बांधून पाठवणारे गिटचे प्रोग्रॅम चालतात, पॅक तयार होऊन नेटवर्कवरून जातं. ऑब्जेक्ट-इन्फोची जाहिरात सर्व्हरने डीफॉल्टनुसार केलेली नसते, ती मुद्दाम सुरू करावी लागते. "लोड नको" म्हणून ती बंदच ठेवणारा प्रशासक याच महागड्या वाटेला आमंत्रण देत असतो.

हजारो प्रश्नांच्या मुद्द्यात तथ्य आहे. प्रत्येक विनंतीमागे टीएलएस (जोडणी सुरक्षित करणं), ओळख तपासणं आणि नवी प्रोसेस सुरू करणं हा ठरलेला खर्च असतोच. लूप लावून एकेका ऑब्जेक्टसाठी स्वतंत्र विनंती पाठवली तर सर्व्हर दमणारच. पण ऑब्जेक्ट-इन्फोला एकाच विनंतीत कितीही आयडी देता येतात. जेनकिन्स या बिल्ड चालवणाऱ्या साधनातले सगळे जॉब एकाच मिनिटाला पोलिंग करत असतील, म्हणजे काही बदललं का असं विचारत असतील, तर वेळापत्रकात मिनिटाच्या जागी एच (H) हे अक्षर लिहून ते पसरवता येतात. सर्व्हरवरच्या रेफची, म्हणजे ब्रँच आणि टॅगच्या नावांची, यादी विचारणाऱ्या एलएस-रिमोट या कमांडबद्दलची भीती जुन्या प्रोटोकॉलच्या काळात योग्य होती. एका ब्रँचबद्दल विचारलं तरी सर्व्हर सगळे रेफ पाठवायचा, आणि क्रोमियम या ब्राउझरसारख्या मोठ्या रिपॉझिटरीत २०१८ मध्येच ते ५ लाखांवर होते. आवृत्ती २ मध्ये हवे तेवढेच रेफ मागता येतात.

तिसऱ्या कारणाला प्रत्यक्षातलं उत्तर आहे. २०१६ मध्ये कोकोपॉड्सच्या (आयफोन वगैरेंच्या ॲपसाठी लायब्ररी आणून देणाऱ्या साधनाच्या) स्पेक्स रिपॉझिटरीने गिट रिपॉझिटरी ठेवणाऱ्या गिटहबच्या सर्व्हरवर इतका ताण आणला की गिटहबला तिचा सीपीयू वापर मर्यादित करावा लागला. ताण कशाचा होता? लोक शॅलो क्लोन (इतिहासाचा फक्त शेवटचा भाग असलेली प्रत) करून त्यावर पुन्हा पुन्हा फेच करत होते, म्हणजे नवे बदल आणत होते, आणि त्या रिपॉझिटरीच्या एकाच डिरेक्टरीत १६ हजारांहून अधिक फोल्डर होते. शॅलो क्लोनवरचा फेच सर्व्हरला फार महाग पडतो. उपायांमधला एक असा होता: आधी गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या सेवेला) शेवटचा कमिट बदलला आहे का ते विचारायचं आणि बदलला असेल तरच फेच करायचा. म्हणजे जो प्रश्न विचारू नका असं सांगितलं जातं, त्यानेच ताण हलका झाला.

मॅकवर सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या होमब्रूनेही तेच केलं. त्याची ब्रू अपडेट ही कमांड फेच करण्याआधी गिटहबच्या एपीआयला ईटॅगसह (मागच्या उत्तराच्या खुणेसह) विचारते, आणि काही बदललं नसेल तर तिथेच थांबते. शॅलो क्लोन मोडून पूर्ण करा, असं होमब्रूने वापरकर्त्यांना सांगितलं तेही गिटहबच्या विनंतीवरून. फेब्रुवारी २०२३ मधल्या होमब्रूच्या ४.०.० आवृत्तीपासून पॅकेजांची माहिती गिटऐवजी जेसन फाइलमधून येते.

तुमचा स्वतःचा गिट सर्व्हर असेल तर एलएस-रिमोट अडवण्याआधी पॅक-ऑब्जेक्ट्सच्या प्रोसेस किती सीपीयू खातात ते एकदा मोजा. बिटमॅप (कोणत्या कमिटला कोणते ऑब्जेक्ट लागतात याच्या तयार नोंदी) बनवलेले नसतील तर ते आधी बनवा. आणि बिल्ड मशीन दर वेळी नव्याने क्लोन करत असेल, तर दुरुस्ती तिथून सुरू करा.