विनाखर्च समुपदेशक नेमण्याची सोपी रीत

शाळेत समुपदेशक असलाच पाहिजे असा आग्रह सध्या वरपासून खालपर्यंत धरला जात असल्याने, एक पैसाही खर्च न करता तो कसा उपलब्ध करावा, याचे मार्गदर्शन गरजू मुख्याध्यापक व अधिकाऱ्यांसाठी येथे देत आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य म्हणून नुकताच समुपदेशक नेमल्याचा जो अनुपालन अहवाल माझ्यापुढे सहीसाठी सरकवण्यात आला, त्याचा मला यात फार उपयोग झाला.

पहिली गोष्ट म्हणजे लेखाशीर्षाचा, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या रकान्यातून पगार निघणार याचा, विषय काढू नये. पद म्हटले की मंजुरी आली, मंजुरी म्हटली की वेतन आले. त्यापेक्षा मतदार याद्या, शालेय पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे ही कामे ज्याच्याकडे आधीच आहेत, त्याच शिक्षकाच्या आदेशात समुपदेशन ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून घालावे. त्याला नाही म्हणता येत नाही, ही पात्रता पुरेशी आहे.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भिंतीवर ठळक रंगवावा आणि त्याखाली ‘शाळेत मोबाइल आणण्यास सक्त मनाई’ असे लिहावे.

समुपदेशन कक्षासाठी तांदळाची पोती एका कोपऱ्यात सरकवून दारावर पाटी लावावी व फोटो काढावा.

आता अहवाल. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सांगितले की, 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. माझ्या हाती आलेल्या नमुन्यात मात्र समुपदेशकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक एवढेच रकाने होते. शिक्षणाचा रकानाच नव्हता. नावाच्या जागी शारीरिक शिक्षणाचे सर होते, ज्यांना पाहून मुले आधी हात मागे लपवतात. म्हणजे ज्याच्या धाकाने मूल शाळेत यायला घाबरते, त्याच्याचकडे जाऊन त्याने आपली भीती सांगायची! हे विचारले, तर साहेबांचे उत्तर ऐका: “अहो, नाव भरलंय ना? निधीच नाही, तर आम्ही काय खिशातून देणार?”

खिशातून देऊ नका, पण निधी मागितल्याचा एक तरी कागद दाखवा! तुमच्या फायलीत फोटो आहे, प्रमाणपत्र आहे, प्रस्ताव तेवढा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. चाळीसच्या वर्गात साधारण तीन. त्या तिघांना तुम्ही पोत्यांच्या खोलीत पाठवता आणि ‘समुपदेशक उपलब्ध’ यापुढे ‘होय’ लिहिता. सगळ्या शाळांनी ‘होय’ लिहिल्यावर अंदाजपत्रकात तरतूद कोण आणि कशासाठी करील? निधी नाही म्हणून तुम्ही खोटे लिहिता, आणि तुम्ही खोटे लिहिता म्हणून निधी येत नाही, एवढे न कळण्याइतके तुम्ही भोळे नाही. लाज असेल तर तो ‘होय’ खोडा, ‘नाही’ लिहा, आणि त्याच पाकिटात पदाचा प्रस्ताव घालून पाठवा.