जेवण आणि चिठ्ठी यांचा संबंध

‘इतकी वर्षे शिकलेला डॉक्टर औषध कंपनीने दिलेल्या एका जेवणासाठी औषध बदलत नाही, एमआर (कंपनीचे प्रतिनिधी) केवळ माहिती देतात, आणि आता तर भेटवस्तू बंदच झाल्या आहेत,’ असा मजकूर सध्या आवर्जून पुढे पाठवला जातो.

पहिले विधान डॉक्टरांचा स्वाभिमान जपणारे आहे, म्हणूनच ते पटते. परंतु अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २.८ लाख डॉक्टरांच्या नोंदींवरील अभ्यासात असे दिसले की, ज्यांनी कंपनीकडून सरासरी वीस डॉलरपेक्षाही स्वस्त असे एकच जेवण घेतले होते, त्यांच्या चिठ्ठ्यांवर त्या कंपनीचा ब्रँड इतरांपेक्षा अधिक वेळा होता आणि जेवणे वाढली तसे हे प्रमाणही वाढले. हा केवळ सहसंबंध आहे, हा आक्षेप योग्य आहे. मुळात अनुकूल असलेले डॉक्टरच अशा जेवणांना जात असतील. मात्र १९९२ च्या एका अभ्यासात कंपनीच्या खर्चाने परिषदेला गेलेल्या डॉक्टरांच्या रुग्णालयात जाहिरात झालेल्या एका औषधाचा वापर सहलीनंतर तिपटीहून अधिक झाला, आणि त्यातील बहुतेकांनी आपल्यावर परिणाम होणार नाही असे आधी सांगितले होते. यात कोणी विकले गेले असे मी म्हणत नाही. अमेरिकेतीलच निवासी डॉक्टरांच्या २००१ च्या पाहणीत ६१ टक्क्यांना स्वतःवर प्रभाव पडत नाही असे वाटत होते. सहकाऱ्यांबद्दल तसे मानणारे केवळ १६ टक्के होते.

माहितीच द्यायची असती, तर एमआरला केमिस्टकडे जाऊन कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोणता ब्रँड येतो हे तपासण्याची गरज काय? आपल्याकडे एकच औषध अनेक नावांनी, वेगवेगळ्या किमतींना विकले जाते. त्यामुळे डॉक्टरांच्या लक्षात राहिलेले नाव महाग असेल, तर किमतीतला फरक रुग्णाच्या खिशातून जातो.

तिसरे विधान अर्धसत्य आहे. डॉक्टरांचे नियमन करणाऱ्या तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने २००९ मध्येच भेटवस्तूंना मनाई केली होती. तरीही एपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने झिंकोव्हिट या आपल्या उत्पादनाच्या प्रचारासाठी डॉक्टरांना दिलेली सोन्याची नाणी, फ्रिज, लॅपटॉप यांसारख्या गोष्टींवरचा सुमारे ४.७३ कोटींचा खर्च व्यवसायखर्च म्हणून करसवलतीसाठी दाखवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ती सवलत नाकारली. औषधांच्या प्रचाराबाबतच्या मार्च २०२४ च्या केंद्रीय संहितेतही भेटवस्तू व सहलींना मनाई आहे, पण तक्रारींचा निवाडा करते ती औषध कंपन्यांच्या संघटनेचीच समिती.