कोयनेची वीज आणि घरातला पंखा: एका प्रतिक्रियेला उत्तर

उन्हाळ्यात वीज वाचवा, जुने पंखे बदला, असं सांगणारा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: "काकू, साताऱ्यात कोयनेची वीज येते, ती पाण्यावर होते. पंखा बंद करून कुठला कोळसा वाचणार? चांगला चालणारा पंखा मोडीत काढायचा का? हे सगळं रिकामटेकड्यांचं समाधान. लिहायचं तर कारखान्यांवर आणि विमानांवर लिहा."

काकू म्हणालात, म्हणा. माझ्या वयाला ते शोभतं. पण रिकामटेकडी? पाटण तालुक्यातल्या शाळेत मी उभी हयात शिकवलं, एस.टी.नं जाऊन-येऊन, घरचा स्वयंपाक आणि सासूबाईंचं दुखणं सांभाळून. तुमचं-माझं कधी बोलणं नाही, ओळख नाही. मग हा शब्द कुठून आला? मुद्दा पटला नाही तर तसं सरळ लिहावं. माणसाची किंमत काढायचं काय कारण?

आणि कोयना तुम्ही मला सांगताय? माझ्या आजोबांची भातखाचरं शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहेत. धरण झालं, आमचं गाव उठलं, आणि नव्या वसाहतीत माझ्या थोरल्या भावानं अभ्यास केला तो चिमणीच्या उजेडात. त्या विजेची किंमत आमच्या घरानं मोजली आहे. ती वाया घालवू नका म्हणायचा हक्क मला नाही, तर कुणाला आहे?

आता तुमचं ते पाण्याच्या विजेचं वाक्य. कोयनेहून साताऱ्याला वेगळी तार ओढलेली नाही. कोयनेच्या पोफळीच्या वीजकेंद्रात तयार झालेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात जाते, चंद्रपूरच्या कोळशाची वीजही त्याच ग्रिडमध्ये येते. कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट, एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २,९२०. शिवाय कोयना काही दिवसभर पूर्ण जोरात चालत नाही. मागणी चढली की तिथली यंत्रं पटकन सुरू करता येतात, म्हणून ती मुख्यतः त्या वेळेला वापरतात.

खरी गोष्ट पुढंच आहे. धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावत असलं, तरी वीज करून पश्चिमेला सोडायला राज्यांमध्ये कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीचीच मर्यादा घातली आहे. म्हणजे पाणी मोजून मिळतं. आज तुम्ही कोयनेचं एक युनिट वाचवलंत, तर तेवढं पाणी धरणात राहतं, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वापरता येतं, आणि त्या वेळी तेवढा कोळसा कमी जाळावा लागतो. पाण्याची वीज वाचवली तरी वाचतो तो कोळसाच. प्रतिक्रिया लिहिण्याआधी एवढा विचार करायला काय हरकत होती?

जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा पुऱ्या वेगावर ३० च्या आसपास. रोज बारा तास चालला तर अर्धं युनिट वाचतं. देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट म्हणजे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. एका घरात तीन-चार पंखे असतात, आणि साताऱ्यात घरं किती आहेत ते तुम्हीच बघा.

चालता पंखा मोडीत काढू नये, हे मात्र तुमचं बरोबर आहे. रिवाइंडिंगची वेळ आली की बदलावा.

कारखाने आणि विमानांवर तुम्ही लिहा, मी जरूर वाचेन. मी माझ्या घरातलं लिहिते, कारण तिथलं बटण माझ्या हाताखाली आहे.

आणि एक करा. वीजबिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. तुमच्या घरचे एप्रिल-मेचे आकडे काढा आणि इथे लिहा. पुढचं बोलणं त्या आकड्यांवर करू.